द्वितीय वर्षाची क्रमिक पुस्तके: पैसे जुळले तरी पुस्तक वेळेवर मिळत नाही, काय करावे?

खाडीपलीकडची, राजापूर तालुका

नमस्कार. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी द्वितीय वर्ष कला शाखेत शिकते. मेजर (मुख्य) विषय अर्थशास्त्र, मायनर (दुय्यम) राज्यशास्त्र आणि माध्यम मराठी. तिसरे सत्र सुरू होऊन महिना उलटला, तरी माझ्याजवळ या सत्राची निम्मीसुद्धा पुस्तके नाहीत, आणि वर्गातील बहुतेकांची स्थिती अशीच आहे.

अडचण पैशांची आहेच. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) आणि कौशल्याचा पेपर अशी सगळी पुस्तके नवी घ्यायची म्हटली तर सत्राला दीड-दोन हजार रुपये लागतात, आणि वर्षात सत्रे दोन. आमची हापूसची थोडी कलमे आहेत. आंब्याचे पैसे मे महिन्यात हाती येतात, त्यातून खत, बियाणे, लावणीची मजुरी आणि घराच्या कौलांचे काम भागते, आणि पुस्तके दुकानात येतात ती जुलै सरता सरता किंवा ऑगस्टमध्ये. घरात पैसा असतो त्या महिन्यात विकत घ्यायला पुस्तकच नसते.

पैसे बाजूला काढून ठेवले तरी प्रश्न सुटत नाही. दुकानदार आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मागवत नाहीत. मराठी माध्यमाची आवृत्ती विचारली की ‘अजून छापून यायची आहे’ असे उत्तर मिळते. त्याच पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती मात्र आलेली असते. ऑनलाइन विक्रेत्यांपैकी काही जण आमच्या गावाच्या पिनकोडवर माल पाठवतच नाहीत आणि जे पाठवतात त्यांचा पाठवणावळीचा आकार दोन-अडीचशेच्या पुस्तकावर डोईजड होतो. तृतीय वर्षाच्या ताईंकडे जुनी पुस्तके मागितली, तर त्यांचा अभ्यासक्रमच वेगळा. ग्रंथालयात बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत आहे, ती तिथेच बसून वाचावी लागते, आणि माझी एसटी चुकली तर नंतरची थेट संध्याकाळी आहे.

महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अख्खे पुस्तक स्पायरल बाइंडिंग करून जवळपास निम्म्या किमतीत मिळते. टेलिग्रामवर पीडीएफही फिरतात. हे कायद्याला धरून आहे का, याबद्दल वर्गात दोन मते आहेत. चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडचे विद्यार्थी यातून कसा मार्ग काढतात आणि सरळ मार्गाने मिळणारे साहित्य कोठे शोधावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दाखलनोंद, ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

तुमच्या तुकडीची अडचण नेहमीपेक्षा मोठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेला अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला लागू झाला, आणि तुम्ही त्याची पहिली तुकडी आहात. त्यामुळे प्रत्येक सत्रात तुमच्या पुढे कोणीच नसते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा खरा आधार म्हणजे वरच्या वर्गाकडून निम्म्या किमतीत येणारे पुस्तक; ती साखळी तुमच्यापाशी तुटली आणि तुमच्यापासूनच पुन्हा सुरू होणार आहे. पूर्वी मोजक्या मोठ्या पेपरांची मोजकी जाड पुस्तके असत. आता २२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) सत्र लहान लहान पेपरांत विभागले गेल्याने दोन श्रेयांकांच्या पेपरालासुद्धा स्वतंत्र पुस्तक निघते, आणि बारीक पुस्तकाची किंमत पानांच्या हिशेबाने कधीच कमी होत नाही.

ग्रंथालयात पुस्तक उशिरा का येते, तेही सांगते. प्राध्यापकांनी शिफारस करायची, ग्रंथालय समितीने मंजुरी द्यायची, दरपत्रके मागवायची, पुस्तक आले की बिल तपासून दाखल नोंदवहीत नोंद, शिक्का, वर्गीकरण; एवढे होऊन ते कपाटात लागेपर्यंत अंतर्गत परीक्षा तोंडावर आलेली असते. प्राध्यापकांच्या हातीच नवे पुस्तक जुलैत पडत असेल, तर शिफारस त्याआधी कशी होणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत निदान मेजर विषयाच्या याद्या मागवून घेणे शक्य असते आणि आम्ही ते करतो, पण ते प्रत्येक ठिकाणी घडत नाही हे खरे आहे.

आता तुम्ही काय करू शकता ते. पहिली गोष्ट, ग्रंथपालांना लेखी विनंती करा की संदर्भ विभागातील प्रत शनिवारी दुपारी देऊन सोमवारी सकाळी परत घ्यावी. ग्रंथालय सुटल्यावर त्या प्रती कपाटात नुसत्या उभ्या असतात, आणि लांबून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ ग्रंथपाल अशी सवलत देतात; अनेकदा कोणी विचारतच नाही. दुसरी गोष्ट, महाविद्यालयात पुस्तकपेढी आहे का ते पाहा. डिपॉझिट भरून संपूर्ण सत्रासाठी पुस्तकांचा संच मिळतो आणि परीक्षेनंतर संच परत केला की रक्कम परत मिळते. समाजकल्याण विभागाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची पुस्तकपेढी वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, कला शाखेला तिचा उपयोग नाही, म्हणून बी.ए.साठी महाविद्यालयाच्या स्वतःच्या पेढीचाच आग्रह धरावा लागतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण केंद्र, ज्याला अजूनही सगळे आयडॉल म्हणतात, आपल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यास साहित्य तयार करते आणि ते संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य ठेवते. कला शाखेच्या अनेक विषयांचे साहित्य मराठीत असते. विद्यापीठ एकच असल्याने घटक पुष्कळसे जुळतात, तरी उतरवून घेण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमाच्या प्रतीशी एकेक घटक ताडून पाहा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची मराठीतील स्वयंअध्ययनाची पुस्तकेही अशीच उपयोगी आहेत. त्यांची भाषा सोपी आहे, कारण ती शिक्षक समोर नाही असे गृहीत धरून लिहिलेली असतात.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेची, महाविद्यालयांना ई-पुस्तके पुरवणारी एन-लिस्ट योजना तुमच्या महाविद्यालयाने घेतली असेल, तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. त्यात इंग्रजी ई-पुस्तके भरपूर आहेत, मराठी मात्र शोधूनच काढावी लागतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’विषयी हल्ली विद्यार्थी विचारतात. ती योजना संशोधन नियतकालिकांसाठी आहे, क्रमिक पुस्तकांसाठी नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहू नका.

पेठेतला विक्रेता, कणकवली

ताई, दुकानदाराची बाजूही ऐकावी. कथा-कादंबऱ्यांवर प्रकाशक जेवढे कमिशन देतात तेवढे क्रमिक पुस्तकांवर देत नाहीत. माझ्या हाती पंधरा-वीस टक्के येतात आणि त्यातच मुंबईहून किंवा कोल्हापूरहून गठ्ठा आणण्याचे भाडे बसवावे लागते. न खपलेली प्रत बहुतेक प्रकाशक परत घेत नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयात तुमच्या पेपरला वीस-पंचवीस विद्यार्थी असतात. त्यांतले किती जण पुस्तक घेतील, किती झेरॉक्सवर भागवतील आणि किती परीक्षेच्या आठवड्यात गाइड शोधत येतील, याचा अंदाज मलाच बांधायचा असतो. तो चुकला की अभ्यासक्रम बदलल्यावर सगळा माल रद्दीच्या भावाने जातो. जुन्या अभ्यासक्रमाचे दोन गठ्ठे माझ्या माळ्यावर आजही पडून आहेत, आणि आपल्या पावसाळ्यात कागदाचे काय होते ते सांगायला नको. आगाऊ रक्कम मागतो ती त्यामुळे.

किमतीबद्दल एक गैरसमज आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून लोकांना वाटते की पुस्तक करमुक्त आहे. परंतु कागदावर आणि छपाईवर प्रकाशकाने भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही, आणि तो कर छापील किमतीत मिसळूनच तुमच्यापर्यंत येतो. मराठी आवृत्ती उशिरा निघते, कारण तिचा खप कमी असतो. प्रकाशक आधी मोठ्या शहरांत खपणारी इंग्रजी आवृत्ती काढतो. मराठी माध्यमाचे बहुसंख्य विद्यार्थी लहान गावांत आहेत आणि त्यांची मागणी एकत्र अशी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

उपाय मागणीतच आहे. वर्गप्रतिनिधीने यादी करून ‘या पुस्तकाच्या अठरा प्रती, मराठी, सत्र तिसरे’ असे लिहून दिले आणि प्रत्येकाचे शंभर रुपये जमा केले, तर मी छापील किमतीवर दहा टक्के सूट आनंदाने देतो, कारण माझा धोका संपलेला असतो. एकट्यादुकट्याने येऊन एक प्रत मागितली तर ते जमत नाही.

आपल्या गावी कुरिअर येत नसेल, तर टपालाने मागवावे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची नोंदणीकृत सवलतीची सेवा बंद केली, तेव्हा आम्हा सर्वांचीच पंचाईत झाली होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली आहे. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये आहे, कर वेगळा. पाच किलोत क्रमिक पुस्तकांची दहा-बारा प्रती सहज बसतात, म्हणजे एकत्र मागवले तर प्रतीमागे दहा रुपयांच्या आसपासच खर्च येतो. पार्सल रस्त्याने किंवा रेल्वेने येते, त्यामुळे वेळ लागतो, पण ते कोठे पोचले हे पाहता येते आणि पोस्टमन खाडीपलीकडेही जातो. पाठवणाऱ्या प्रकाशकाला ‘ज्ञान पोस्टने पाठवा’ असे आपणच सांगावे लागते, नाहीतर तो सवयीने कुरिअरच करतो.

विधी द्वितीय वर्ष, रत्नागिरी

झेरॉक्सच्या प्रश्नापुरते लिहितो. हा वकिली सल्ला नव्हे.

कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ कोणत्या गोष्टी हक्कभंग ठरत नाहीत ते सांगते. त्यात खाजगी अभ्यासासाठी केलेला उचित वापर येतो, आणि अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रतही येते. या दुसऱ्या तरतुदीवर दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाचा प्रसिद्ध खटला झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील उताऱ्यांचे संच तेथे करून दिले जात. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी असे म्हटले की, शिकवण्याच्या हेतूसाठी आवश्यक आहे का ही कसोटी आहे, पानांची टक्केवारी नव्हे. मात्र त्या विशिष्ट संचांतील मजकूर खरोखर आवश्यक होता का, एवढ्या मुद्द्यासाठी दावा पुन्हा सुनावणीला पाठवला. पुढे मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागेच घेतला. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नसतो, परंतु त्याला वजन असते.

आता तुमच्या दुकानाकडे पाहा. तेथे प्राध्यापकांनी निवडलेले उतारे नाहीत. बाजारात विक्रीस असलेले अख्खे पुस्तक आधीच छापून, बांधून, दर लावून विकले जात आहे. त्याला या निकालाचा आधार घेता येईल असे मला वाटत नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला किमान सहा महिन्यांची कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड आहे, आणि तो धोका मुख्यतः दुकानदाराचा आहे. टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दलही वेगळे मत देण्याजोगे काही नाही. याउलट, शिक्षकांनी अभ्यासक्रमातील घटकांनुसार चार पुस्तकांतली प्रकरणे नेमून दिली आणि तुम्ही त्यांच्या प्रती काढल्या, तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम आहे. तेव्हा विनंती दुकानदाराला न करता प्राध्यापकांना करा.

कलम ५२ मध्येच ग्रंथालयांसाठीही एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. एखादे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्धच नसेल, तर नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला ग्रंथालयाच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेता येतात. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीतून पदवी स्तरावरची जी उत्तम पुस्तके काढली, त्यांतली पुष्कळशी आज दुकानात दिसत नाहीत. रत्नागिरीच्या १८२८ सालच्या जिल्हा नगर वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांनी अशा पुस्तकांच्या बाबतीत ही तरतूद तपासून पाहायला हरकत नाही.

अर्थशास्त्राचे मास्तर, सावंतवाडी

वरील सर्व सूचना व्यवहाराच्या आहेत, पण मूळ गृहीतकाबद्दल मला थोडे बोलायचे आहे. प्रत्येक पेपरासाठी त्याच पेपराच्या नावाचे, त्याच सत्राचे, नव्या मुखपृष्ठाचे पुस्तक हवेच, हे आपण का मानतो? मागणीचा नियम, उपभोक्त्याचे संतुलन, गुणक, पैशाचा पुरवठा ही प्रकरणे धोरण बदलले म्हणून बदललेली नाहीत. फार तर ती आता वेगळ्या सत्रात गेली असतील. तृतीय वर्षाच्या ताईंचे पुस्तक ‘वेगळ्या अभ्यासक्रमाचे’ म्हणून परत करण्यापूर्वी त्याची अनुक्रमणिका आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पाहा. मेजर विषयाचा बराच भाग जुन्या पुस्तकांत सापडेल असा माझा अनुभव आहे. नव्या पुस्तकांपैकी काही तर घाईघाईने जुनीच प्रकरणे नव्या क्रमाने लावून काढलेली असतात. त्यांचे शुद्धलेखनही तपासलेले नसते, आणि त्यासाठी तीनशे रुपये मोजणाऱ्या विद्यार्थ्याची मला कीव येते.

जे खरोखर शिळे होते ते म्हणजे आकडे. पण त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तक हा सर्वांत वाईट आधार आहे, कारण छापून येईपर्यंत ते मागे पडलेले असतात. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या अगोदर प्रसिद्ध होते, ती मराठीतही असते आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे आकडे त्यात आहेत. आपल्या भागाचे उदाहरण उत्तरपत्रिकेत दिले तर परीक्षकाचे लक्ष जाते. राज्यशास्त्राच्या मायनरसाठी संविधानाचा अधिकृत मराठी पाठ सरकारी संकेतस्थळावर आहे. संकल्पनांसाठी मराठी विश्वकोशातील नोंदी वाचा. त्या ऑनलाइन आहेत आणि बाजारातील कोणत्याही गाइडपेक्षा काळजीपूर्वक लिहिलेल्या आहेत. इंग्रजी आवृत्तीच हाती असेल तर शासनाच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश उघडून शेजारी ठेवा. सुरुवातीला एका पानाला बराच वेळ लागतो, नंतर तेच तेच शब्द येत राहतात आणि वेग येतो. मराठी आवृत्तीची वाट पाहत ऑगस्ट घालवण्यापेक्षा हे बरे.

खाडीपलीकडची, राजापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. दाखलनोंद मॅडम, आमच्या ग्रंथपालांना शनिवार-सोमवारबद्दल आज विचारले. प्राचार्यांची सही आणा म्हणाले, नकार दिला नाही. आयडॉलचे अर्थशास्त्राचे साहित्य उतरवून घेतले. घरी रेंज नसल्याने ते राजापूरलाच करावे लागले. चारपैकी तीन घटक जुळतात.

सर, आपले म्हणणे मेजरपुरते पूर्ण पटते. परंतु ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याच्या पेपराला जुने पुस्तक नाही, विश्वकोश नाही आणि शिकवणारे प्राध्यापकही कधी कधी दुसऱ्या विषयाचे असतात. तेथे तेच एक बारीक पुस्तक सर्वांचा आधार होते आणि प्रश्नही त्यातील शीर्षके धरूनच येतात. तेव्हा त्या दोन पेपरांची पुस्तके सर्वांनी मिळून मागवायची आणि मेजर-मायनरचे भागवाभागवी करून वाचायचे, असे आम्ही आठ-दहा जणींनी ठरवले आहे. विक्रेते काका, राजापूरहून आलेली यादी आपण घ्याल का, आणि किती दिवसांत पुस्तके मिळतील?

पेठेतला विक्रेता, कणकवली

ताई, अवश्य घेईन. यादीत पुस्तकाच्या नावाबरोबर लेखक, प्रकाशन, सत्र आणि माध्यम लिहा, कारण ओपन इलेक्टिव्हला एकाच नावाची तीन-तीन पुस्तके निघाली आहेत आणि चुकीचे आले तर बदलून मिळत नाही. प्राध्यापकांकडून यादीवर खूण करून घ्या.

आणि उशीर करू नका. गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस चाकरमान्यांच्या गर्दीमुळे गाड्यांमध्ये पार्सलला जागा मिळत नाही, महामार्गही तुंबलेला असतो, आणि त्यानंतर महाविद्यालयाला सुट्टी लागते. त्याआधी दोन आठवडे यादी आणि पैसे पोचले, तर पुस्तके सुट्टीपूर्वी तुमच्या हाती असतील. मुंबईहून कोणाच्या घरचे गणपतीला येणार असतील, तर दादरच्या दुकानातून त्यांच्याबरोबर मागवणे माझ्यापेक्षाही स्वस्त पडेल. तसे असेल तर मला फक्त उरलेल्या पुस्तकांची यादी पाठवा.